हरला तरी आपला

मी परभणीच्या एका महाविद्यालयात मराठी शिकवतो. गेल्या हिवाळ्यातली गोष्ट. सकाळच्या पहिल्या तासाला शेवटच्या बाकावरचा एक मुलगा डोक्याला हात लावून बसला होता. पूर्णा तालुक्यातल्या एका खेड्यातून आलेला, वसतिगृहात राहणारा, एरवी हसतमुख. मला वाटले, घरून काही वाईट वार्ता आली असावी. तास संपल्यावर त्याला व्हरांड्यात गाठले आणि विचारले. खाली मान घालून तो म्हणाला, "काही नाही सर. रात्री आपण हरलो."

अधिक चौकशी करता कळले ते असे. इंग्लंडातल्या एका फुटबॉल क्लबाचा सामना होता, तो या पोराने मध्यरात्री जागून मोबाइलवर पाहिला होता, आणि तो क्लब हरला होता. मला हसू आले आणि ते मी लपवलेही नाही. म्हणालो, "अरे बाबा, ते गाव कुठले, तू कुठला? ते हरले म्हणून तुझ्या बापाच्या कापसाचा भाव उतरणार आहे का?" तो काही बोलला नाही. "नाही सर," म्हणून निघून गेला.

पण त्याचा तो 'आपण' दिवसभर माझ्या कानात राहिला. शिक्षक बंधुभगिनींना सांगायला नको की, मराठीत 'आम्ही' आणि 'आपण' हे दोन वेगळे शब्द आहेत. 'आम्ही जेवलो' म्हटले की ऐकणारा उपाशी राहतो. 'आपण जेवू' म्हटले की त्याच्यासाठीही पाट मांडला जातो. इंग्रजीत या दोहोंना मिळून एकच शब्द आहे. त्या मुलाने मला 'आम्ही हरलो' असे सांगितले नव्हते. 'आपण हरलो' म्हणाला होता. त्याने मलाही आत घेतले होते, आणि मी हसून बाहेर पडलो होतो.

माणूस एखाद्या संघाला असा का चिकटतो? तो संघ त्याला पगार देत नाही, जमीन देत नाही. उलट रात्रीची झोप नेतो. जिंकणाऱ्याच्या मागे जाणे हा जगाचा रिवाज असता, तर हरणाऱ्या संघांच्या मागे कुत्रेही उरले नसते. पण तिथे हजारो माणसे असतात. याचे थोडेफार उत्तर मला मिळाले ते पुस्तकात नव्हे, कोल्हापुरात.

आपल्या मराठवाड्यात फुटबॉल म्हणजे शाळेच्या कपाटातला हवा गेलेला चेंडू. कोल्हापूरचे तसे नाही. कोल्हापूर म्हटले की आपल्याला कुस्ती आठवते, शाहू महाराजांनी बांधलेले आणि १९१२ साली खुले झालेले खासबाग मैदान आठवते. पण त्याच गावात फुटबॉलचे वेड असे आहे की, महाराष्ट्रात त्याला तोड नाही. आणि गंमत म्हणजे, तिथले फुटबॉलचे संघ बहुतेक तालमींचे आहेत. पाटाकडील तालीम मंडळ, खंडोबा तालीम मंडळ, बालगोपाल तालीम, दिलबहार तालीम. ही नावे ऐकून परक्या माणसाला वाटेल की हे पैलवान असतील. शिवाजी तरुण मंडळ आणि प्रॅक्टिस क्लब यांच्या नावात तालीम नाही, पण त्यांचीही मुळे पेठेतच. शाहू स्टेडियमवर या संघांचे सामने होतात आणि त्या दिवशी पेठाच्या पेठा मैदानाकडे चालू लागतात.

तालीम म्हणजे काय, हे एकदा नीट ध्यानात घेतले पाहिजे. लाल मातीचा हौदा आणि भिंतीवरचा मारुती एवढ्यावर ती संपत नाही. तिथेच पेठेचा गणपती बसतो. कित्येक तालमींत मोहरमचे पंजे बसतात आणि त्यांच्यापुढे हिंदू-मुसलमान दोघेही नारळ फोडतात. शिवजयंतीची मिरवणूक तिथून निघते. गल्लीत कोणी गेले तर खांदा द्यायला पोरे तिथूनच येतात. अशा या एकत्र कुटुंबातला फुटबॉलचा संघ हा एक मुलगा. आता सांगा, घरातला मुलगा परीक्षेत नापास झाला म्हणून कोणी शेजाऱ्याच्या हुशार मुलाचे नाव रेशनकार्डावर लावून घेतो का?

मी २००१ ते २००३ अशी दोन वर्षे एम.ए.साठी कोल्हापुरात होतो. एका पेठेत खोली घेतली होती. घरमालकांना सगळी गल्ली आण्णा म्हणे, मीही म्हणू लागलो. उद्यमनगरात लेथवर काम करून ते निवृत्त झाले होते. त्यांची तालीम कोणती, ते मी सांगणार नाही. सांगितले तर हे पुस्तक हाती पडलेले कोल्हापूरचे निम्मे वाचक ते इथेच मिटतील, आणि उरलेले निम्मे मला पेढे पाठवतील. दोन्ही नकोत.

पहिल्याच हंगामात आण्णा मला सामन्याला घेऊन गेले. बसायला त्यांनी गोणपाटाचा एक तुकडा घडी करून बगलेत धरला होता. बसायची जागा ठरलेली. आजूबाजूची माणसे ठरलेली. त्या दिवशी आण्णांच्या तालमीवर मध्यंतरापूर्वीच दोन गोल झाले, नंतर तिसरा झाला. लोक उठून जाऊ लागले. मलाही उद्याचा निबंध लिहायचा होता. मी म्हणालो, "आण्णा, तीन झालेत. आता काय बघायचं राह्यलंय? चला ना."

आण्णांनी माझ्याकडे पाहिलेसुद्धा नाही. म्हणाले, "मातीला गेल्यावर माती व्हायच्या आधीच उठतोस व्हय रं तू? बस गुमान."

मी बसलो. सामना संपला, खेळाडू खाली माना घालून निघाले, तेव्हा जागेवर राहिलेल्या पन्नास-साठ माणसांनी टाळ्या वाजवल्या. परत येताना आण्णा आपणहून बोलले. "जिंकल्याल्या दिवशी काय, अख्खी पेठ येती. हरल्याल्या दिवशी कोण कोण हाय, ते बघायचं असतंय."

श्रोतेहो, मला वाटते सगळ्या प्रश्नाची किल्ली या वाक्यात आहे. संघाच्या प्रेमात पडतो तो माणूस अकरा खेळाडूंवर जीव टाकतो, असे आपण वरवर पाहून समजतो. पण खेळाडू तर बदलतात. हल्ली कोल्हापूरच्या संघांतून बाहेरगावचे, अगदी आफ्रिकेतून आलेले गडीही खेळतात. आपल्या पेठेचा गडी पुढच्या साली दुसऱ्या पेठेकडून उतरला, की काल त्याच्या नावाने ओरडणारे आज त्याच्या नावाने बोटे मोडतात. म्हणजे निष्ठा गड्यावर नव्हती. ती शेजारी बसलेल्या माणसावर होती. ज्याच्याबरोबर आपण हरलो, त्याच्यावर होती. बरोबर जिंकलेली माणसे दुसऱ्या दिवशी पांगतात. बरोबर हरलेली माणसे मात्र एकमेकांच्या घरी चहाला जातात.

काकींनी, म्हणजे आण्णांच्या कुटुंबाने, उभ्या जन्मात एकही सामना पाहिला नव्हता. पण आण्णा दारात चपला कशा काढतात त्यावरून त्या निकाल ओळखत. हरल्याचा आवाज आला की चूल बारीक करत आणि मला हळूच सांगत, "आत्ता वाढलं तर ताटावरनं उठतील. जरा निवू दे." त्यांचीही ती निष्ठाच होती, फक्त तिला मैदान लागत नव्हते.

हे सगळे आपल्याला परके वाटायचे कारण नाही. आपल्या जिल्ह्यातले गंगाखेड हे संत जनाबाईंचे गाव. तिथून आणि आसपासच्या खेड्यांतून दिंड्या पंढरीला जातात. ज्या दिंडीत आजोबा चालले, तिच्यात नातू चालतो. पुढच्या दिंडीत जेवण चांगले, तंबू नवा, म्हणून कोणी मुक्कामातून उठून तिकडे जात नाही. चुकून एखादा गेला तर त्याचे नाव गावात निघते. दिंडी बदलली तरी पांडुरंग तोच, हे सगळ्यांना ठाऊक असते. पण आपली दिंडी ती आपली.

आता याची दुसरी बाजू पाहा. मुंबईत महिंद्र युनायटेड नावाचा बलाढ्य संघ होता. २००५-०६ च्या हंगामात राष्ट्रीय फुटबॉल लीग त्याने जिंकली. २०१० साली कंपनीने संघ बंद करण्याचे ठरवले आणि तो बंद झाला. पंजाबात फगवाड्याच्या जेसीटी गिरणीचा संघ होता. १९९६-९७ मधली पहिली राष्ट्रीय लीग जिंकलेला. तोही २०११ मध्ये मिटला. कंपन्यांना दोष देण्याचा माझा हेतू नाही. त्यांनी पुष्कळ वर्षे खेळाडूंना पोसले. पण कारखान्याचा संघ हिशेबाच्या वहीत जन्मतो आणि तिथेच मरतो. पेठेतली तालीम कोणी 'बंद करण्याचे ठरवले' असे झाले, तर ठरवणाऱ्याला पेठेत राहता येईल का?

जुन्या हैदराबादचीही गोष्ट सांगण्याजोगी आहे, कारण १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत आपला परभणी जिल्हा त्याच राज्यात होता. हैदराबाद सिटी पोलीस या संघाने १९५० ते १९५४ अशी लागोपाठ पाच वर्षे मुंबईचा रोव्हर्स चषक जिंकला. त्यांना शिकवणारे सय्यद अब्दुल रहीम हे मूळचे शाळामास्तर. शिक्षक श्रोत्यांनी हे मुद्दाम लक्षात ठेवावे. याच मास्तरांच्या हाताखाली भारताचा संघ १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये चौथा आला आणि १९६२ मध्ये जकार्ताला दक्षिण कोरियाला २-१ असे हरवून आशियाई सुवर्णपदक घेऊन आला. पुढच्याच वर्षी रहीमसाहेब वारले. आज त्या पोलीस संघाचा दबदबा राहिलेला नाही आणि रोव्हर्स चषकाची स्पर्धाही २०००-०१ नंतर झालेली नाही. पराक्रम मोठा होता, पण पराक्रमाला राहायला घर लागते. खात्याचा संघ खात्यात राहिला.

उलट उदाहरण साता समुद्रापलीकडचे. लंडनच्या विंबल्डन भागात १८८९ सालापासूनचा एक क्लब होता. १९८८ मध्ये त्याने लिव्हरपूलसारख्या संघाला हरवून इंग्लंडचा मानाचा चषक जिंकला होता. मालकांनी हा क्लब उचलून सुमारे नव्वद किलोमीटर दूर मिल्टन कीन्स या नव्या शहरात न्यायचे ठरवले, आणि २००२ साली वरिष्ठांनी परवानगी दिली. परभणी-नांदेडपेक्षाही जास्त अंतर. चाहत्यांनी काय केले? ते मागे गेले नाहीत. त्यांनी त्याच उन्हाळ्यात गावच्या मोकळ्या माळावर खेळाडूंची चाचणी घेतली, आणि स्वतःचा नवा क्लब काढला. अगदी तळाच्या, नवव्या पायरीवरून सुरुवात केली. २०११ साली तो क्लब राष्ट्रीय लीगमध्ये चढला, आणि २०२० च्या नोव्हेंबरात विंबल्डनमध्ये, जुन्या मैदानापासून हाकेच्या अंतरावर, स्वतःच्या नव्या मैदानात आला. मालकाने खेळाडू नेले आणि लीगमधली जागाही नेली. शेजारी बसणारी माणसे त्याला नेता आली नाहीत.

मात्र ही गोष्ट इतकी गोडच आहे असे मी सांगितले, तर ते खोटे होईल. 'आपण'चा 'आम्ही' व्हायला फार वेळ लागत नाही. कोलकात्यात मोहन बागान आणि ईस्ट बेंगॉल या दोन संघांचे वैर प्रसिद्ध आहे. फाळणीनंतर पूर्व बंगालमधून घरदार सोडून आलेल्या निर्वासितांना ईस्ट बेंगॉल हा क्लब म्हणजे परक्या शहरात 'आपण' म्हणायची एक जागा होती. तो जिंकला की घरी हिलसा मासा शिजायचा, मोहन बागान जिंकला की दुसरीकडे कोळंबी. इथवर सगळे छान. पण १६ ऑगस्ट १९८० रोजी ईडन गार्डन्स मैदानावर याच दोघांच्या सामन्यात प्रेक्षकांत दंगल उसळली आणि १६ माणसे मेली. सामना पाहायला म्हणून ती घरून निघाली होती.

कोल्हापूरही यातून सुटलेले नाही. तिथेही दगड उडाले आहेत, सामने थांबवावे लागले आहेत. माझ्या दुसऱ्या वर्षी असाच एक सामना झाला. रेफरीच्या एका निर्णयावरून गलका झाला, मग दोन्हीकडून दगड आले, आणि दुसऱ्या पेठेतल्या एका कोवळ्या पोराच्या कपाळाला लागून चार टाके पडले. दगड नेमका कोणाचा, हे कोणालाच सांगता आले नसते. पण आण्णांच्या धाकट्या मुलाच्या हातात दगड होता, हे गल्लीतल्या दोघांनी पाहिले होते. रात्री आण्णांनी त्याला समोर उभे केले. तो म्हणाला, "आण्णा, त्यांनी आधी टाकला."

"त्यांनी शेण खाल्लं म्हणून तू खानार व्हय?" आण्णा एवढेच बोलले.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी दूध आणि डझनभर केळी घेतली, पोराला पुढे घातले आणि त्या पेठेकडे निघाले. काकींनी मला खुणावले, म्हणून मीही मागून गेलो. त्या तालमीच्या दारात चार म्हातारे बसले होते. चाळीस वर्षे आण्णा आणि ते एकमेकांना समोरासमोरच्या पायऱ्यांवरून ओळखत होते, पण बोलणे असे कधी झाले नसावे. त्यांतला एक उठून म्हणाला, "या. चा सांगा रं." पुढे त्या मुलाच्या घरी गेलो. त्याची आई बाहेर आली नाही. आतूनच म्हणाली, "आता कशाला आलाय? डोळा गेला असता म्हंजे?" आण्णांनी उत्तर दिले नाही. पिशवी उंबऱ्यावर ठेवली, धाकट्याला वाकायला लावले, आणि आम्ही परत फिरलो.

त्या हंगामात आण्णा पुन्हा मैदानावर गेले नाहीत. सामन्याच्या दिवशी संध्याकाळी दारातल्या पायरीवर गोणपाट टाकून बसत. मैदान फार लांब नव्हते, वारा असला की गर्जना ऐकू येई. गर्जना कशी उठते आणि कशी विरते, त्यावरून ते सांगत, "हा आपला न्हवं." किंवा नुसतीच मांडीवर थाप मारत. धाकटाही त्यांच्याशेजारी बसे. जायची त्याला मनाई होती, ऐकायची नव्हती.

हे सगळे मला परभणीच्या त्या व्हरांड्यात आठवले. आठवडाभराने मी त्या विद्यार्थ्याला बोलावून घेतले आणि विचारले, "सामने कोणाबरोबर बघतोस?"

"चौघं बघतो सर. एकाच्या मोबाइलवर. नेट सगळे वर्गणी काढून टाकतो."

"सगळे वसतिगृहातले?"

"तिघं. एक जण शिक्षण सोडून पुण्याला कंपनीत लागला. तो तिकडून बघतो. हाफ टाइमला फोन करतो."

मला माझ्या हसण्याची लाज वाटली. तो क्लब इंग्लंडचा असेल, पण त्याची पेठ ती चार पोरे होती. तो क्लब नसता तर पुण्याच्या त्या पोराला मध्यरात्री फोन करायला कोणते निमित्त उरले असते?

आणि मग मला माझे गाव आठवले. ते जिंतूर तालुक्यात आहे. १९९० च्या सुमारास गावात कबड्डीचा संघ होता. मारुतीच्या पारासमोर पोरे सराव करत, म्हातारी माणसे पारावरून सूचना देत आणि बायका घागरी घेऊन जाता जाता घटकाभर थांबत. एकदा तालुक्याच्या ठिकाणी अंतिम सामना होता. आम्ही ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून गेलो. मी दहा वर्षांचा असेन. एका गुणाने हरलो. येताना अंधारात कोणी बोलेना. शेवटी एक म्हातारा म्हणाला, "अरे, एकाच गुणानं तर गेलो. ह्याला काय हरणं म्हणत्यात?" आणि सगळी ट्रॉली हसली.

तो संघ कोणी बंद केला नाही. एक गडी पुण्याला गेला, दोघे ऊसतोडीला जाऊ लागले, एकाला शाळेत नोकरी लागून बदली झाली. पुढच्या वर्षी सात जण जमले नाहीत, त्याच्या पुढच्या वर्षी कोणी विचारलेही नाही. आता पारासमोर मोटारसायकली उभ्या असतात. गावातली पोरे चेन्नईची, मुंबईची, इंग्लंडची गाणी गातात आणि आपण त्यांना नावे ठेवतो.

गेल्या दिवाळीत मी त्या सात गड्यांची नावे कागदावर लिहायला बसलो. पाचच आठवली. गावात विचारले, तर सहावे आणि सातवे नाव कोणी एक सांगेना; प्रत्येक जण आपल्याच भावकीतले सांगतो. जिंतूरच्या त्या अंतिम सामन्याला समोरच्या गावाकडून जे हजर होते, त्यांच्यापैकी कोणाला ही दोन नावे ठाऊक असतील, तर त्यांनी कृपा करून आकाशवाणीच्या परभणी केंद्राच्या पत्त्यावर मला एक पोस्टकार्ड टाकावे. एक गडी डावखुरा होता आणि त्याच्या उजव्या गुडघ्याला कायम फडके बांधलेले असे.